गाणे कसे सुधारते? जलशापासून विहारापर्यंत

वर्धापनदिन म्हटला की सकाळी वंदना, त्यानंतर धम्मदेसना, दुपारी खीरदान आणि रात्री गायनाचा कार्यक्रम हे आपल्याकडे ठरलेलेच असते. रात्रीच्या कार्यक्रमाला दरवर्षी दोन-चार नवी मुले-मुली स्वतः लिहिलेली गाणी घेऊन येतात. कुणाच्या हातात वही असते, कुणी मोबाईलमध्ये पाहून गातो. त्यांचा उत्साह पाहून कुणालाही बरे वाटेल. पण यांतल्या पुष्कळांचा एक समज असतो. गाणे सुचते, आणि एकदा सुचले की झाले, त्यात पुन्हा हात घालायचा नसतो, असे त्यांना वाटते. कुणी वडीलधाऱ्याने एखादा शब्द खटकतो म्हटले की चेहरा पडतो. आणि वडीलधारी मंडळीही हल्ली म्हणतात, "जाऊ द्या, पोरगं हौसेनं गातंय, कशाला बोला." हे दोन्ही बरोबर नाही असे आमचे मत आहे. आपल्या गाण्याचा इतिहास काही वेगळेच सांगतो. तो इतिहास थोडक्यात वाचकांसमोर ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम धम्माकडे पाहू. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे सप्तपर्णी गुहेत महाकस्सप थेरांच्या पुढाकाराने भिक्खूंची जी पहिली सभा भरली, तिला आपण 'संगीती' म्हणतो. या शब्दाचा मूळ अर्थच एकत्र गाणे, एकत्र म्हणणे असा आहे. उपालींना विनय विचारला, आनंदांना धम्म विचारला, आणि सर्वांनी मिळून तो म्हटला. लेखन नंतर पुष्कळ काळाने आले. तोपर्यंत बुद्धवचन टिकले ते पाठांतरावर. एकाची चूक झाली तर शेजारचा लगेच सावरून घेत असे. महापरिनिब्बान सुत्तात तर भगवंतांनी कसोटीच घालून दिली आहे. एखादा म्हणाला की हे मी प्रत्यक्ष बुद्धांच्या तोंडून ऐकले, तरी त्याचे म्हणणे लगेच उचलून धरू नका, लगेच झिडकारूही नका; त्याचे शब्द आणि अक्षरे नीट समजून घ्या आणि सुत्त व विनयाशी ताडून पाहा. शब्द न् अक्षर ताडून पाहण्याची ही सवय आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे.

दुसरी गोष्ट पवारणेची. वर्षावास संपला की प्रत्येक भिक्खू संघासमोर विनंती करतो, की माझ्यात काही दोष दिसला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल तर अनुकंपेने सांगा. दोष सांगा अशी विनंती स्वतःहून करायची, आणि ज्येष्ठातल्या ज्येष्ठाने पण करायची. धम्मपदातील पंडितवग्गाच्या पहिल्याच गाथेत दोष दाखवणाऱ्या माणसाला गुप्तधन दाखवणाऱ्याची उपमा दिली आहे. जो हे समजला त्याला आपल्या वहीतली ओळ खोडली जाण्याचे दुःख होणार नाही.

प्रत्यक्ष गाण्याविषयी तिपिटकात काय आहे, हेही पाहण्यासारखे आहे. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व वीणेवर गातो. भगवान त्याला सांगतात, तुझ्या तारेचा स्वर गाण्याच्या स्वराशी जुळतो, गाण्याचा तारेशी जुळतो, कोणी कोणाला झाकून टाकत नाही. आज माईकवर ढोलकी एवढी चढते की शब्द ऐकूच येत नाहीत, अशा वेळी हे वाक्य आठवावे. विनयात उलट बाजूही नोंदलेली आहे. धम्म लांब ताना घेऊन गाण्याचे पाच तोटे सांगितले आहेत. गाणारा स्वतः स्वरात गुंतून पडतो, ऐकणारेही स्वरातच गुंततात, हे त्यांतले पहिले दोन. मात्र स्वरबद्ध पठणाला, ज्याला पालीत सरभञ्ञ म्हणतात, परवानगी दिली आहे. थोडक्यात स्वर हवा, पण तो अर्थाच्या पुढे धावता कामा नये. आणि सुत्तनिपातातील सुभाषित सुत्तात चांगल्या बोलण्याची चार लक्षणे दिली आहेत: ते नीट बोललेले असावे, धम्माला धरून असावे, प्रिय असावे, आणि सत्य असावे. हे ऐकून वंगीस थेरांनी, जे भिक्खूंमधले कवीच होते, तिथल्या तिथे गाथा रचून म्हटल्या. गीतकाराला या चार कसोट्या पुरतात.

आता आपल्या महाराष्ट्रातील गाण्याकडे येऊ. महात्मा जोतिबा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे या चळवळीतून सत्यशोधक जलसे निघाले. जलशाचा साचा तमाशाचा होता, कारण गावातला माणूस तोच साचा ओळखत होता. गण, गौळण, बतावणी, लावणी, वग अशी ती रचना. जलसेकारांनी साचा ठेवला आणि आतला माल बदलला. भटशाही, सावकारी, अज्ञान, लग्नातली उधळपट्टी हे विषय आले. याच वाटेने पुढे आंबेडकरी जलसे आले. २० मार्च १९२७ ला महाडचे चवदार तळे, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन, २ मार्च १९३० पासून नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, या लढ्यांच्या धगीत जलसे वाढले. नाशिक भागातील भीमराव कर्डक हे त्यांतले अग्रेसर नाव. त्यांनी आंबेडकरी जलशांवर पुढे स्वतःच पुस्तक लिहिले, ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. हा अभ्यास करू इच्छिणाऱ्या तरुणांनी ते मिळवून वाचावे.

जलशातली मंडळी कोण होती? बहुतेक गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणारी माणसे. दिवसा पाळी, रात्री तालीम. पुष्कळांना लिहिता-वाचता येत नव्हते. पद कुणीतरी रचायचे आणि बाकीच्यांनी ते कानाने उचलायचे. इथेच गाण्याची पहिली परीक्षा होत असे. झीलकऱ्यांना जी ओळ दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला उचलता येत नाही, ती गावातल्या लोकांना एका रात्रीत कशी पाठ होणार? म्हणून अडखळणारा शब्द तालमीतच बाहेर पडायचा. दुसरी परीक्षा गावात. जलसा उघड्यावर, कंदील किंवा गॅसबत्तीच्या उजेडात चाले. समोर बसलेला माणूस दिवसभर राबून आलेला. पद त्याच्या मनाला भिडले नाही तर तो उठून जायचा, आणि विनोद फसला तर तिथेच कळायचे. आजच्यासारखे हार-तुरे देऊन कौतुक करायची पद्धत तिथे नव्हती. दुसऱ्या गावी जाईपर्यंत जलसेकार आपली बतावणी बदलून घेत.

काळाप्रमाणे विषयही सुधारत गेले. आधीच्या पदांत शाळेत जा, मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, दारू सोडा, महारकी सोडा, पाणवठ्यावर हक्क सांगा असा भर असे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, त्यानंतर धर्मांतर हा विषय पदांत शिरला. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, १९३७ च्या निवडणुकीत जलसे प्रचारालाही उपयोगी पडले. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तर गाण्याला नवे घरच मिळाले. गणाच्या जागी बुद्धवंदना आली. आणि बावीस प्रतिज्ञांची कसोटी आली. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, देवाने अवतार घेतला हे मानणार नाही, बुद्ध हा विष्णूचा अवतार हे मानणार नाही, असे ज्याने नागपूरला म्हटले, त्याला "भीम अवतार झाला" असे कसे गाता येईल? सवयीने जुन्या भजनातले शब्द आपल्या गाण्यांत येत होते आणि आजही येतात. ते हेरून काढणे हे काम कुणा एकट्या कवीच्या हातून होणारे नव्हते, ते समाजाने करायचे होते.

जात्यावरच्या ओव्यांचेही असेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी खेड्यापाड्यांतून बायकांच्या हजारो ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत. ओवीला एक मालकीण नसते. एकीने म्हटलेली ओवी दुसरी उचलते, त्यात आपल्या गावाचे, भावाचे नाव घालते, जड शब्द काढते. आपल्या आया-आज्यांनी कुठल्याही शाळेत न जाता शब्द घासून गुळगुळीत केले. त्यांचा कान आजही विहारात पुढच्या रांगेत बसलेला असतो, त्याला विचारणारे कुणी नाही एवढेच.

आता वामनदादांविषयी. वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. शाळा नाही. मुंबईत शिवडीच्या चाळीत राहत असताना कुणीतरी पत्र वाचून मागितले आणि वाचता येईना, ही लाज त्यांना लागली. मग देहलवी नावाच्या गुरुजींकडून अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे पक्की केली. पहिले गाणे त्यांनी ३ मे १९४३ रोजी लिहिले, ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. हे आमच्या तरुणांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. महाकवी म्हणून ज्यांना सारा समाज ओळखतो त्यांची सुरुवात विडंबनाने झाली. 'वाटचाल' हा संग्रह त्यानंतर तीस वर्षांनी, १९७३ साली आला. 'मोहळ' १९७६ साली. १९९३ साली वर्धा येथे आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १५ मे २००४ रोजी ते गेले. पहिल्या गाण्यापासून पहिल्या संग्रहापर्यंतची तीस वर्षे काय चालले होते? गावोगाव फिरणे, गाणे, लोकांच्या तोंडाकडे पाहणे आणि पुन्हा लिहिणे. त्यांच्या गाण्यांत शेतातला, चुलीजवळचा शब्द आहे, कारण तो ऐकणारा समोर बसलेला होता. उशिरा अक्षर शिकलेल्या माणसाने अक्षराची किंमत ओळखली, असे आम्हांला वाटते.

वामनदादांच्याच काळात गायन पार्ट्यांचा जमाना आला. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तनदिनाला एकाच मंचावर दोन पार्ट्या समोरासमोर बसवायच्या, आणि रात्रभर सवाल-जवाब. श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारखे गायक या काळाने दिले. सामन्यात समोरचा गायक टपूनच असे. साल चुकले, प्रसंग चुकला, काफिया हुकला की पुढच्या कडव्यात तो चव्हाट्यावर मांडणार. त्यामुळे गायक मंडळी वाचत, विचारत, भाषणे मिळवत. यात चढाओढ होती, कधी कधी पातळी सुटायची, हे खरे. पण तयारी करून गेल्याशिवाय उभे राहता येत नसे हेही तेवढेच खरे.

नंतर कॅसेट आली. १९८० आणि १९९० च्या दशकांत भीमगीतांच्या कॅसेट घरोघर गेल्या. जिथे गायक कधी पोहोचला नसता अशा वस्तीत गाणे पोहोचले. हे उपकार विसरता येणार नाहीत. पण एक तोटा झाला. गाणे एकदा भरले की ते बदलत नाही. ऐकणारा त्या गायकाला, "बाबा, हा शब्द जरा बघ" असे म्हणू शकत नाही. चित्रपटाची चाल घ्यायची, त्यात विशेषणे कोंबायची आणि बाजारात आणायचे, असेही पुष्कळ झाले. आता तर मोबाईलवर एका दिवसात गाणे तयार होऊन हजारो लोकांकडे जाते. चुकीचे साल, चुकीचा प्रसंग त्याच्याबरोबर जातो. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते त्यांचे पुस्तक गाणेच होते, आणि अजूनही पुष्कळ घरांत लहान मुलाला बाबासाहेब प्रथम भेटतात ते गाण्यातूनच. तेव्हा गाण्यातली चूक ही साधी चूक राहत नाही, तिचा इतिहास होतो.

सुधारणा म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा एखाद्या मुलाने महाडवर गाणे लिहिले आणि पहिली ओळ केली, "विश्ववंद्य, युगंधर, तेजोमय तू भास्कर". ऐकायला भारदस्त आहे. पण जुना माणूस विचारील, "यात महाड कुठं आहे? हे कुणालाही लागू पडेल." मुलगा परत जातो आणि लिहून आणतो, "ओंजळीत घेतलं पाणी, गाव झालं गप्प". आता चित्र दिसू लागले. पण इतिहास माहीत असलेला लगेच म्हणेल, "गाव गप्प कुठं बसलं? त्या दिवशी आपल्या लोकांवर काठ्या चालल्या, नंतर तळं शुद्ध करून घेतलं. खटला कोर्टात गेला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं गेली." मुलगा पुन्हा बसतो:

ओंजळीत घेतलं पाणी, डोक्यात बसली काठी
दहा वर्षं झगडला भीम, त्या एकाच तळ्यासाठी

आता ढोलकीवाला बोलतो, "खालच्या ओळीत पहिल्या तुकड्यात एक अक्षर जास्त होतंय, हात अडकतो." मोजून पाहिले तर वर नऊ अक्षरे, खाली दहा. 'झगडला' काढून 'लढला' घातले की नऊला नऊ. गाणे थोर झाले असा आमचा दावा नाही. पण पहिल्या ओळीपेक्षा ते खरे आहे, पाठ होण्यासारखे आहे, आणि ऐकणाऱ्या पोराला त्यातून दहा वर्षांचा लढा कळतो. सुभाषित सुत्तातल्या चारही कसोट्या इथे कामाला आल्या. आणि हे तिघांच्या मदतीने झाले. वही मात्र त्या मुलाचीच राहिली.

सांगण्याचीही रीत असते. जयंतीच्या मंचावर, पाहुण्यांसमोर, माईकवरून चूक काढली तर पोरगं पुन्हा लिहिणार नाही. आधी काय आवडले ते सांगावे, मग एकच जागा दाखवावी, आणि शब्द आपण न देता त्याला शोधू द्यावा. "बरं नाही" एवढेच म्हणणे निरुपयोगी. "इथं माझं लक्ष सुटलं", "हे साल ताडून बघ", "हा शब्द आमच्या आईला कळणार नाही", असे बोलणे उपयोगाचे. ऐकणाऱ्यानेही प्रत्येक सूचना मानलीच पाहिजे असे नाही. तीन जणांना एकाच ठिकाणी खटकले तर मात्र ती जागा नक्की तपासावी.

सरावाबद्दल सोण थेरांची कथा सर्वांना माहीत आहे. अति कष्टाने निराश झालेल्या सोणाला भगवंतांनी त्याच्या पूर्वीच्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. रोज थोडे लिहावे, रोज थोडे गावे. जयंतीच्या आदल्या आठवड्यात सात रात्री जागून गळा बसवून घेण्यात काही अर्थ नाही.

म्हणून आमची विहाराच्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. खर्चाचे काही नाही. जयंतीच्या तीन महिने आधीपासून आठवड्यातून एक संध्याकाळ, वंदनेनंतर तासभर, नव्या गाण्यांसाठी ठेवावी. गाणे आधी चालीशिवाय नुसते वाचावे, म्हणजे शब्द उघडे पडतात. मग चालीवर म्हणावे. ऐकायला एक म्हातारी उपासिका, एक शाळेतले मूल, एक वाजवणारा आणि एक इतिहास वाचलेला माणूस हवाच. साल आणि प्रसंग बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांशी ताडून पाहावेत. बावीस प्रतिज्ञा समोर भिंतीवर असतातच, त्यांच्याशी गाणे विसंगत नाही ना ते पाहावे. गाण्याचा पहिला आणि शेवटचा खर्डा दोन्ही एका वहीत उतरवून ती वही विहाराच्या कपाटात ठेवावी, खाली रचणाऱ्याचे नाव व तारीख घालावी. आपल्या कितीतरी शाहिरांची पदे दुसऱ्यांच्या नावावर गेली आणि कितीतरी हरवली. निदान यापुढे तरी तसे होऊ नये.

पुढच्या वर्षी जो मुलगा किंवा मुलगी वही घेऊन उभी राहील, तिची ती वही आधी चार जणांच्या हातांतून गेलेली असावी. गाणे संपल्यावर टाळ्या तर आपण वाजवूच. त्याआधी तिचे गाणे आपण नीट ऐकलेले असले पाहिजे.

नमो बुद्धाय! जयभीम!